अक्षरांचा आकार बदलताना: स्वतःचा फॉन्ट घडवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॉन्ट करायला बसलेल्या माणसाचा पहिला महिना उत्साहात जातो आणि दुसरा महिना ‘हे एकच अक्षर जरा नीट करतो’ म्हणण्यात. अडचण अशी की अक्षर कधी एकटं बदलत नाही. व बदलला की ब बदलावा लागतो, मग क, मग त्यांची अर्धी रूपं आणि त्यांची जोडाक्षरं. इथले बहुतेक प्रश्न या ना त्या मार्गाने तिथेच पोहोचतात. उदाहरणं मुख्यतः देवनागरीची आहेत, अधूनमधून रोमनचीही येतील.

कोऱ्या पानावरून सुरुवात करू, की तयार फॉन्टची अक्षरं बदलू?

शिकायचं असेल तर आधी बदला. तयार फॉन्ट उघडला की दुसऱ्याने बिंदू कुठे ठेवलेत, वळण कुठे सोडलंय, शिरोरेषा किती जाड घेतलीय हे सगळं समोर दिसतं. असं शिक्षण पुस्तकातून होत नाही.

मात्र परवाना आधी वाचा. विकत घेतलेला किंवा संगणकासोबत आलेला फॉन्ट वापरायची मुभा असते, याचा अर्थ त्यात बदल करायची मुभा असते असा नाही. ओपन फॉन्ट लायसन्सखाली आलेले फॉन्ट, उदाहरणार्थ मुक्त, बालू किंवा नोटो सान्स देवनागरी, बदलायला मोकळे आहेत. त्यातही अटी आहेत. बदललेला फॉन्ट त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, तो नुसता सुटा विकता येत नाही, आणि मूळ कर्त्याने नाव राखीव ठेवलं असेल तर तुमच्या फॉन्टला वेगळं नाव द्यावं लागतं. नाव राखीव नसलं तरी वेगळंच द्या. एकाच नावाचे दोन फॉन्ट एका संगणकावर आले की कुठलं अक्षर कुठून येतंय ते कळेनासं होतं.

आधी कुठलं अक्षर घडवायचं?

वर्णमालेच्या क्रमाने जाऊ नका. अ पासून सुरुवात केलीत तर सगळ्यात गुंतागुंतीच्या अक्षरांपैकी एक पहिल्याच दिवशी गळ्यात पडेल.

अक्षरांची घराणी पाहा. व च्या वाटीतून ब आणि क निघतात. प मधून ष, फ आणि थोड्या फरकाने ण. र चं वळण स मध्ये येतं. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य या जवळच्या जोड्या. ट, ठ, ढ, द यांची गोलाई एका जातीची, ड, ङ आणि ह यांची वेगळी, दुहेरी वळणाची. रोमनमध्ये लोक स्मॉल एन आणि स्मॉल ओ आधी ठरवतात, कारण सरळ खांब आणि गोलाई यांचं नातं त्या दोघांत ठरतं. देवनागरीत तेच काम मी व, प, त, र, ट आणि ह या सहांकडून करून घेतो. या सहांत उभा दंड, वाटी, गाठ, तिरकी रेघ आणि लोंबतं वळण हे सगळं येतं. हे सहा एकमेकांशेजारी शांत बसले की पुढचं काम बरंच सोपं होतं. ते बसत नसतील तर पुढे जाऊ नका.

वळण खडबडीत दिसतं. कितीही ओढाताण केली तरी गुळगुळीत होत नाही. का?

बहुधा बिंदू जास्त झालेत. फॉन्टमधल्या वळणांना बेझिए वक्र म्हणतात. रेनो या मोटार कंपनीतल्या पिएर बेझिए यांचं नाव त्यांना मिळालं. सित्रोएनमध्ये पॉल दे कास्तेल्जो यांनीही हेच गणित स्वतंत्रपणे मांडलं होतं. गाड्यांच्या पत्र्याला जशी लवचीक, न मोडणारी वळणं हवी होती, तशीच अक्षरालाही हवी असतात. असा वक्र दोन टोकांचे बिंदू आणि त्यांना ओढून धरणाऱ्या दोन दांड्या एवढ्यावर चालतो. मध्ये तिसरा बिंदू टाकला की वळणाला तिथे उचकी लागते.

नियम साधा आहे. बिंदू वळणाच्या सगळ्यात वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकाला ठेवा आणि तिथल्या दांड्या अगदी आडव्या किंवा अगदी उभ्या ठेवा. म्हणजे ठ च्या वर्तुळाला बाहेरून चार बिंदू पुरतात, आतून चार. दांड्या एकमेकींना ओलांडून जाऊ देऊ नका. सरळ रेघ जिथे वळणाला मिळते तिथली दांडी रेघेच्या दिशेतच हवी, नाहीतर सांधा डोळ्याला खुपतो.

स्कॅन केलेल्या हस्ताक्षरावरून सॉफ्टवेअरने आपोआप काढलेली बाह्यरेषा हा या दुखण्याचा सगळ्यात मोठा उगम. एका क ला साठ-सत्तर बिंदू आलेले मी पाहिलेत. ती बाह्यरेषा मागच्या थरावर फिकी ठेवा आणि तिच्यावरून स्वतःच्या हाताने नव्याने बिंदू टाका. वेळ जातो, पण दुसरा रस्ता नाही.

अक्षराच्या आतली मोकळी जागा काळी भरून येते. काय बिघडलं?

बाह्यरेषेची दिशा. बाहेरची आणि आतली रेषा एकमेकींच्या उलट दिशेने फिरायला हव्यात. वळणं साठवायच्या दोन पद्धती आहेत: पोस्टस्क्रिप्टमध्ये बाहेरची रेषा घड्याळाच्या उलट फिरते, ट्रूटाइपमध्ये घड्याळाच्या दिशेने. फॉन्टफोर्ज, ग्लिफ्स, फॉन्टलॅब या फॉन्ट घडवायच्या सगळ्या प्रोग्रॅममध्ये दिशा दुरुस्त करायची आज्ञा असते.

मोजून सगळं सारखं केलं, तरी गोल अक्षरं बुटकी आणि आडव्या रेघा जाड दिसतात!

तुमचं मोजमाप बरोबर आहे, डोळाही बरोबर आहे, आणि वाचणारा डोळ्यानेच वाचणार आहे. म्हणून पट्टीने माघार घ्यायची.

गोल आकार रेषेला एका टोकापाशीच टेकतो, त्यामुळे तो चौकोनी आकारापेक्षा लहान भासतो. त्याला रेषेच्या किंचित बाहेर जाऊ द्यावं लागतं. फॉन्टमध्ये मापं एककांत घेतात; ६०० एककं उंचीच्या अक्षराला साधारण ८ ते १२ एककं पुरतात. रोमनमध्ये हे वर आणि खाली दोन्हीकडे करतात. देवनागरीत वरचं टोक शिरोरेषेत मिसळून जातं, म्हणून प्रश्न मुख्यतः खालच्या बाजूचा उरतो. तिथे ठ, ढ, ट यांची पोटं प, न, त यांच्या दंडांशेजारी येतात. दंडांच्या टोकांना त्यांच्याशी जुळवू नका. पोटं थोडी खाली उतरू द्या.

दुसरं, सारख्याच मापाची आडवी रेघ उभ्या रेघेपेक्षा जाड वाटते. म्हणून शिरोरेषा उभ्या दंडापेक्षा जरा बारीक ठेवतात. ती तशीही प्रत्येक अक्षरावरून अखंड धावते, तिची जाडी सगळ्या ओळीवर जाणवते. दोन एककांचा फरकही परिच्छेदभर दिसतो.

तिसरं, जिथे दोन रेघा मिळतात तिथे काळा डाग जमतो. व ची वाटी दंडाला मिळते ती जागा, म ची गाठ, क्ष चा मधला गुंता. तिथे येणारी रेघ सांध्याजवळ हळूहळू बारीक करत न्या. अगदी लहान अक्षरासाठी लोक याच्या पुढे जाऊन सांध्यात खाचा ठेवतात. मॅथ्यू कार्टर यांनी १९७८ मध्ये टेलिफोन डिरेक्टरीसाठी केलेल्या बेल सेंटेनियलमध्ये या खाचा इतक्या खोल आहेत की मोठ्या आकारात अक्षर कुरतडल्यासारखं दिसतं. छपाईत शाई पसरून त्या भरायच्या आणि आकडे स्वच्छ उमटायचे.

जाड आणि बारीक कुठे असावं, याला काही आधार आहे की मनाला येईल तसं?

आधार बोरूचा आहे. रोमन लिहिणाऱ्या कलमाची जीभ एका दिशेने तिरकी चालते, देवनागरीचा बोरू त्याच्या उलट बाजूने कापतात. म्हणून गोलाईत रोमनला जिथे बारकाई येते, साधारण तिथे देवनागरीला जाडी येते. रोमन फॉन्टमधला ओ उचलून त्याचा ठ करणाऱ्यांचं इथेच चुकतं. आकार बरोबर असतो आणि तरीही अक्षर परकं वाटतं. ते का, हे वाचणाऱ्याला सांगता येत नाही.

एकसारख्या जाडीचा आधुनिक फॉन्ट करत असाल तरी एकदा बोरूने किंवा कापलेल्या टाकाने ती सहा अक्षरं कागदावर लिहून पाहा. रेघ कुठून सुरू होते, हात कुठे थांबतो, गाठ कुठल्या बाजूने वळते हे हाताला कळलं की माउसलाही कळतं.

अक्षर अरुंद करायचं आहे. आडवं ७० टक्के केलं तर चालेल?

नाही. ८० एककांचा उभा दंड ७० टक्क्यांवर ५६ एककांचा होतो, शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहते. अक्षर अरुंद न होता दाबल्यासारखं दिसतं. दाबून घ्यायचंच असेल तर ती फक्त पहिली पायरी समजा. मग दंड पुन्हा मूळ जाडीला आणा, वाट्या नव्याने वळवा. ज, झ, अ, क्ष अशा रुंद अक्षरांना प, ग यांच्याइतकं आवळू नका. त्यांच्या पोटात हवा राहिली पाहिजे.

ठळक रूप करताना बाह्यरेषा सगळीकडून फुगवली. क चा डाग झाला. आता?

ठळक रूप म्हणजे फुगलेलं साधं रूप नव्हे. क च्या दंडाच्या दोन्ही बाजूंना दोन पोकळ्या आहेत. रेघ आत वाढली की त्या बुजतात, बाहेर वाढली की अक्षर शेजारच्यावर चढतं. दोन्ही थोडं थोडं करावं लागतं: अक्षर रुंद करायचं, दंड भरपूर जाड करायचा, आडव्या आणि आतल्या रेघा त्या मानाने कमी वाढवायच्या, गाठीची पोकळी लागलीच तर चिमूटभर ठेवायची.

पाया म्हणून गर्दीचं अक्षर घ्या. मी क्ष, ज्ञ, द्ध, ह्म आणि श्री घेतो. त्यांच्यात जेवढी जाडी सुखाने मावते तेवढीच सगळ्या संचाची जाडी. सोप्या अक्षरावर जाडी ठरवून मग ती श्री मध्ये कोंबायला गेलात, तर महिनाभराचं काम परत करावं लागतं. माझ्या पहिल्या ठळक रूपात मी जाडी ग आणि न यांच्यावर ठरवली होती. ते दोघे देखणे झाले. जोडाक्षरांपाशी आलो आणि दंड १५० वरून १२८ वर आणून सगळी अक्षरं पुन्हा काढली. त्यानंतर कधीही सोप्या अक्षरापासून जाडी ठरवलेली नाही.

एक अक्षर बदललं की नेमकं काय काय तपासायचं?

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

देवनागरी व्यंजनं दंडावरून तीन गटांत पडतात. प, त, न, ग, स यांच्या शेवटी दंड आहे. त्यांचं अर्धं रूप दंड काढून मिळतं. क आणि फ यांच्या मध्यभागी दंड आहे, त्यांची उजवी बाजू आखडून अर्धं रूप होतं. ट, ठ, ड, ढ, द, ह, छ, ळ यांना पूर्ण दंड नाही, त्यांची जोडाक्षरं एकाखाली एक रचून किंवा खास आकार देऊन करावी लागतात, नाहीतर हलन्त दाखवावा लागतो. म्हणून प ची वाटी बदलली की अर्धा प् बदलायलाच हवा. द चं शेपूट बदललं की द्ध, द्व, द्य, द्म, दृ हे सगळे रांगेत उभे राहतात.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, जोडाक्षरांना स्वतंत्र जागा नाही. क, हलन्त आणि ष असं साठवलं जातं आणि क्ष चा आकार फॉन्टमधले ओपनटाइपचे (फॉन्टच्या फाइलच्या मानकाचे) नियम पुरवतात. त्या नियमांत ‘अखंड’ नावाचाच एक विभाग आहे, क्ष आणि ज्ञ त्यात येतात. तुम्ही फक्त आकार बदललात तर नियम शाबूत राहतात. पण आकाराचं नाव बदललंत किंवा तो पुसून नवा केलात, तर नियम त्याला शोधत बसतो आणि पडद्यावर सुटा क् आणि ष दिसतो.

मग भागांचा प्रश्न. काही फॉन्टमध्ये ब हा व चा दुवा आणि वर एक रेघ असा बांधलेला असतो. व बदलला की ब आपोआप बदलतो. काही ठिकाणी दुवा तोडलेला असतो आणि ब जुनाच राहतो. काम सुरू करायच्या आधी कुठलं अक्षर दुव्याने बांधलंय ते पाहून ठेवा.

शेवटी खुंट्या. मात्रा, अनुस्वार, रफार, उकार हे अक्षरावर ठरलेल्या बिंदूंना अडकवलेले असतात. अक्षर दहा एककांनी रुंद केलं आणि खुंटी तिथेच राहिली, तर अनुस्वार डावीकडे सरकलेला दिसतो. ट, ठ, द, ह यांच्या खालचा उकार तर नेहमीच तपासा. रु आणि रू यांचे आकार वेगळेच असतात.

शिरोरेषेत अक्षरांच्या मध्ये केसाएवढी फट दिसते.

शेजारच्या शिरोरेषा नुसत्या टेकवू नका, एकमेकींवर चढवा. पडद्यावर एककांचे अपूर्णांक पूर्ण ठिपक्यांत बसवले जातात आणि टेकलेल्या कडांमध्ये फिकी रेघ उमटते. शिरोरेषा अक्षराच्या ठरलेल्या रुंदीच्या दोन्ही बाजूंना थोडी बाहेर काढली की फट जाते. किती काढायची हे सगळ्या अक्षरांना एकच ठेवा. शिरोरेषेची उंची आणि जाडीही सगळीकडे एकच हवी, अगदी एककाचाही फरक नको. ज्यांची शिरोरेषा तुटते अशी अक्षरं, म्हणजे ध, भ आणि थ, हाताने तपासा.

वेलांटी कधी अक्षराच्या दंडापर्यंत पोहोचत नाही, कधी पुढे निघून जाते.

पहिली वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर आणि दिसते आधी. तिची कमान व्यंजनाच्या दंडावर उतरली तर शब्द बांधलेला वाटतो. पण र अरुंद, ण रुंद, स्त्य त्याहून रुंद. एका कमानीत सगळे मावणार नाहीत. चांगल्या फॉन्टमध्ये वेगवेगळ्या रुंदीच्या अनेक वेलांट्या असतात आणि पुढचं अक्षर पाहून योग्य ती निवडली जाते. सुरुवातीला चार-पाच करा. व्यंजनाची रुंदी बदललीत तर ते कुठल्या वेलांटीच्या गटात बसतं ते पुन्हा पाहा.

मराठीसाठी म्हणून वेगळं काय घडवावं लागतं?

देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल. हिंदी वळणाचे श आणि ल वेगळे दिसतात. दोन्ही भाषांसाठी फॉन्ट करत असाल तर दोन्ही आकार ठेवा आणि मजकुराची भाषा मराठी असेल तेव्हा मराठी आकार यावा असा नियम घाला. श बदलला की श्र, श्व, श्च, श्न यांचंही ठरवा. एकाच ओळीत दोन वळणांचे श आले तर ते चूक वाटतात. ५, ८, ९ या आकड्यांचीही दोन वळणं आहेत.

ऱ्य मधला चंद्रकोरीसारखा र विसरू नका. आचार्याला आणि आचाऱ्याला हे वेगळे शब्द आहेत. तो र नसलेला फॉन्ट मराठीसाठी अपुरा आहे. ळ ला नीट जागा द्या, मराठीत तो पावलोपावली येतो. ॲ देखील हवा, युनिकोडमध्ये त्याला २००८ मध्ये जागा मिळाली.

शैली किती बदलावी? अक्षर ओळखू येईनासं होण्याची सीमा कुठे?

सीमा शेजारच्या अक्षराने ठरते. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यातला फरक डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात किंवा एका गाठीत सामावलेला आहे. तो कोपरा हा त्या अक्षराचा जीव. बाकी सगळं वाकवा, तो स्पष्ट ठेवा. ख चं उदाहरण तर जुनं आहे. त्याचे दोन भाग सुटे पडले की तो रव वाचला जातो, म्हणून र चं शेपूट व ला खालून जोडतात. मथळ्याच्या फॉन्टमध्ये थोडं धाडस चालतं, मजकुराच्या फॉन्टमध्ये नाही.

तिरपं रूप?

देवनागरीत तिरप्या रूपाची जुनी परंपरा नाही. करायचंच असेल तर आठ ते बारा अंश पुष्कळ झाले, आणि तिरकं केल्यावर वळणांचे बिंदू पुन्हा टोकांवर आणा. नुसतं कलतं केलेल्या ठ चं पोट एका बाजूला सुजल्यासारखं दिसतं.

व्हेरिएबल फॉन्टसाठी आकार बदलताना वेगळी काळजी लागते का?

लागते. हे तंत्र ओपनटाइपमध्ये २०१६ मध्ये आलं. यात बारीक आणि ठळक अशा दोन टोकांमधली सगळी रूपं संगणक मोजून काढतो. त्यासाठी दोन्ही टोकांना बिंदूंची संख्या, त्यांचा क्रम आणि सुरुवातीचा बिंदू जुळायला हवा. बारीक म मध्ये तुम्ही एक बिंदू काढलात, तर ठळक म मध्येही तोच काढा. नाहीतर मधली रूपं पिळवटून निघतात.

चाचणी कशी करावी?

सुट्या अक्षरांच्या तक्त्यावर कधीही समाधान मानू नका. बदललेलं अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी येईल असा मजकूर घ्या. छापा, भिंतीवर लावा, चार पावलं मागे जा आणि डोळे बारीक करून पाहा. जिथे काळा ठिपका किंवा पांढरं भोक दिसेल तिथे खूण करा. बहुतेक वेळा दोष आकारात नसून दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेत निघतो. ती आधी दुरुस्त करा, मग वाटलंच तर वळणाला हात लावा.

मग तोच मजकूर वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. ब्राउझर आणि पानजुळणीचे प्रोग्रॅम जोडाक्षरं जुळवायला वेगवेगळी यंत्रणा वापरू शकतात.

आधी वापरात असलेल्या फॉन्टचं एखादं अक्षर सुधारलं तर जुनी पानं हलतील का?

अक्षराची रुंदी बदलली तर हलतील. ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतील, कधी एखादा शब्द पुढच्या पानावर जाईल. म्हणून लोकांच्या हातात गेलेल्या फॉन्टमध्ये दुरुस्ती करताना रुंदी तीच ठेवून आतला आकार सुधारा. रुंदी बदलणं टाळता येत नसेल तर आवृत्तीचा क्रमांक वाढवा, काय बदललं ते सोबतच्या फाइलमध्ये अक्षरानिशी लिहा आणि जुनी आवृत्ती जपून ठेवा. ज्याचं पुस्तक अर्ध्यावर आहे त्याला ती लागणार असते.